पत्त्यावर आढळली नाही

पुण्याच्या कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाने माझा अर्ज पालथा करून माझ्यापुढे सरकवला आणि मागच्या बाजूला लाल शाईत लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "सदर नावाची बाई दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही." मी त्याच्यासमोर उभी होते. हातात पिशवी होती, पिशवीत भाकरी बांधून आणली होती, सकाळच्या गाडीने चिंचवड स्टेशनावरून आले होते. मी म्हटलं, "अहो, ती मीच की. ही काय इथे उभी आहे."

तो म्हणाला, "इथे असाल बाई. आकुर्डीला नाही आढळलात."

इतकी वर्षं झाली, पण ती ओळ आठवली की अजूनही डोक्यात तिडीक जाते. नातवंडं म्हणतात, आजी, जाऊ दे ना आता. का जाऊ देऊ? ज्यांनी ती ओळ लिहिली, ज्यांच्यामुळे ती लिहिली गेली आणि ज्यांनी ती वाचून नुसत्या माना हलवल्या, त्यांच्यापैकी एकालाही त्याचं काही वाटलं नाही. मग निदान मला तरी वाटत राहू दे.

त्या वेळी पासपोर्ट म्हणजे माझ्या दृष्टीने परदेश वगैरे काही नव्हता. पासपोर्ट म्हणजे नवरा होता. हे खडकीला फिटरचं काम शिकले आणि आमच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत मोंबासाला गेले. तिथे बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं काम. मी सासरी आकुर्डीला राहिले, शेतात खुरपत, जनावरांचं करत. तीन वर्षांनी ह्यांचं पाकीट आलं. तिथल्या सरकारने बायकोला आणायचं परमिट दिलं होतं, मुदत नाताळपर्यंत. ह्यांनी लिहिलं होतं, इथले नियम दिवसेंदिवस आवळत चाललेत, हे परमिट फुकट गेलं तर दुसरं मिळेल असं धरून चालू नकोस. म्हणजे नाताळच्या आत बोटीतून तिथे उतरले तर संसार, नाहीतर करार संपेपर्यंत आणखी चार वर्षं खुरपं. आणि चार वर्षांनी माणूस परत येतोच असंही नव्हतं. आमच्या भागात अशी एक बाई होती, तिचा नवरा आफ्रिकेतच राहिला. ती कपाळाला कुंकू लावून दुसऱ्यांच्या घरी धुणी धुवायची. मला ती रस्त्यात दिसली की मी वाट बदलायची.

परमिटवर माझं नाव ह्यांनी दिलं होतं. तेच नाव मी पासपोर्टच्या अर्जावर लिहिलं. माझी मराठी सातवी झालेली, अर्ज मी स्वतःच्या हाताने भरला, अक्षर चांगलं होतं. चूक अशी कुठे केलीच नव्हती मी. ते नाव लग्नातलं. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, ताट पाचजणींनी पाहिलं, साखर वाटली आणि त्या नावाचं काम तिथेच संपलं. त्यानंतर त्या नावाने मला कुणीही हाक मारली नाही. घरात मी धाकटी. मामंजींना काही सांगायचं असलं तर "सूनबाई". जाऊबाईंच्या पोरांची काकी. ह्यांनी तर एक वर्षाच्या संसारात "ऐकलं का" याच्या पुढे मजल मारली नव्हती. आणि हे गेल्यावर आळीत मी आफ्रिकेवाल्याची बायको झाले. आफ्रिकेवाल्याचं घर कुठलं म्हणून विचारा, शेंबडं पोरसुद्धा हात धरून आणून सोडेल.

पण अर्जाच्या चौकशीला आलेल्या पोलीस शिपायाने ते विचारलं नाही. कागदावर तो प्रश्न नव्हता.

तो आला तेव्हा मी मळ्यात भुईमुगाला होते. पोलीस-पाटलांकडे जायचं त्याचं काम, पण पाटील घरी नव्हते आणि मळ्यापर्यंत चालायचा त्याला कंटाळा आला असणार. निंबाखाली न्हाव्यापाशी चारजण बसले होते, त्यांना त्याने अर्जावरचं माझं नाव वाचून दाखवलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. अशी कुणी बाई गावात नाही म्हणाले. मग ह्यांचं नाव वाचलं, ते शाळेच्या दाखल्यावरचं. ह्यांना लहानपणापासून गाव दुसऱ्याच नावाने ओळखतं. मग मामंजींचं नाव आणि आडनाव. आमच्या आळीतली निम्मी घरं त्याच आडनावाची, आणि मामंजींना सगळा गाव तात्या म्हणतो. त्या चौघांपैकी एकजण मामंजींच्या मांडीला मांडी लावून भजनाला बसणारा. त्याच्याही डोक्यात उजेड पडला नाही. इथवर मी समजू शकते. गावंढळपणा म्हणून सोडून देऊ शकते.

तेवढ्यात आमच्या जाऊबाई आडावरून हंडा घेऊन निघाल्या होत्या. शिपायाने त्यांना थांबवलं. माझं नाव वाचलं, मग मामंजींचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "ह्यांच्या घरातली का तू?" आणि जाऊबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला, मान हलवली आणि निघून आल्या. मान आडवी हलवली. शिपायाने न्हाव्याच्या पेटीवर कागद ठेवून ओळ लिहिली आणि तो परतला.

हे सगळं मला नंतर आडावरच्या पोरींकडून कळलं. मी पुण्याहून येऊन तशीच चुलीपुढे गेले. जाऊबाई भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "तुम्ही शिपायाला नाही म्हणालात?"

"म्या कुटं काय बोलले?"

"मान हलवलीत."

"मग काय करू? मामंजींचं नाव त्यानं माज्या तोंडाफुडं घेतलं. त्यांच्या नावाला मी व्हय म्हनू? भर रस्त्यात?"

"आणि माझं नाव? ते तरी ओळखायचंत."

त्यांनी भाकरी उलटली. "तुजं नाव मला कुटं ठावं हाय?" म्हणाल्या.

मी हातातला तांब्या भिंतीवर फेकला. खोटं कशाला सांगू, त्यांच्या अंगावर फेकायचा होता, शेवटच्या क्षणी हात वळला. चार वर्षं एका चुलीवर रांधत होतो आम्ही. त्यांच्या दोन्ही पोरांना मी अंगाखांद्यावर घेतलं होतं. आणि या बाईला माझं नाव माहीत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सकाळी जात्यावर समोरासमोर बसायचं, एकच खुंटा दोघींनी धरायचा, पण तोंडाला कुलूप. दळण संपलं की दोघी दोन दिशांना जायचो.

कारकुनाने एक वाट सांगितली होती. या नावाने तुम्हाला ओळखणारा कुणी प्रतिष्ठित गृहस्थ आणा. त्याने "गृहस्थ" या शब्दावर जोर दिला, म्हणजे बाई आणलेली चालणार नव्हती. मी प्रथम मामंजींना विचारलं. दाराआड उभं राहून, जमिनीकडे बघून, अगदी शहाण्या सुनेसारखं विचारलं.

ते पानाला चुना लावत होते. म्हणाले, "कचेरीत जाऊन मी माज्या घरच्या बाईचं नाव घिऊ? कारकुनाफुडं?" आणि मग मनातली गोष्ट बाहेर आली. "तिकडं जाऊन काय करनार हायेस? हितं कांदा लावायचाय. मानसं कुटनं आनू?"

बस्स. मला त्यांनी काही वाईट वागवलं नव्हतं. उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. पण मी गेले तर खुरप्याला एक हात कमी होणार, एवढा साधा हिशेब होता, आणि त्या हिशेबाला त्यांनी अब्रूचं पांघरूण घातलं होतं. लोक अजून मला सांगतात की तुझे सासरे फार सज्जन होते. होते. सज्जन माणसाने अडवलं तर मात्र बाईने तक्रार कुणाकडे करायची?

मग मी माहेरी निरोप धाडला. माझे वडील चाकणजवळच्या एका खेड्यातले, जिरायती शेती, पण पंचक्रोशीत मान होता. धुतलेलं पागोटं घालून आले. वाटेत मी त्यांना परत परत सांगितलं, की कचेरीत सासरचं नाव सांगायचं. ते म्हणाले, "व्हय, व्हय." कचेरीत रांग लांब होती. आमच्या पुढे पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतली एक म्हातारी होती. तिने कागदांचं गाठोडं मेणकापडात गुंडाळून छातीशी धरलं होतं. एकदा सरहद्द ओलांडताना सगळं मागे टाकून आली होती, आता एकेका चिठोऱ्यासाठी इथे उभी होती. तिला त्या दिवशी परत पाठवलं, एक सही कमी होती म्हणून.

आमची पाळी आली. कारकुनाने वडिलांना विचारलं, "ही बाई कोण?"

"माजी ल्येक."

"हिचं नाव सांगा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझं माहेरचं नाव सांगितलं, बारशाला त्यांनी स्वतः ठेवलेलं. मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. कारकून म्हणाला, "अर्जावर तर दुसरं नाव आहे."

"आसंल. जल्मल्यापासनं ह्येच नाव हाय तिचं."

झालं. कारकुनाच्या कपाळावर आठी चढली. आधी मी नव्हतेच, आता मी दुसरीच कुणीतरी झाले. दुसऱ्याच्या परमिटवर परदेशी जाऊ पाहणारी. त्याने लाल शाईने आणखी एक ओळ लिहिली, की फौजदारांनी जातीने चौकशी करून घरच्या माणसाचा जबाब घ्यावा. परतीच्या गाडीत वडील खिडकीतून बाहेर बघत बसले. पिंपरीच्या बराकी मागे गेल्या तेव्हा म्हणाले, "मी ठेवल्यालं नाव सांगितलं. चुकलं व्हय माजं?" मला त्यांचाही राग आला होता. एक नाव बापाने दिलं, ते लग्नात पुसलं. दुसरं नवऱ्याने दिलं, ते कुणी वापरलं नाही. आणि सरकार मला विचारत होतं, या दोन्हींतली खरी कोण ते सिद्ध कर.

पोलीस-पाटलांकडेही गेले मी. ते आमच्याच भावकीतले, पण बांधावरून मामंजींशी त्यांचं बोलणं बंद. ओट्यावर बसून त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुज्या सासऱ्याला इऊ दे माज्या ओट्यावर. एक शबूद टाकू दे. लगीच सही देतो." मामंजी त्या ओट्यावर मेले तरी चढले नसते. दोन पुरुषांच्या बांधाच्या भांडणात माझी बोट अडकली होती, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी फौजदार गावात येणार असल्याची वर्दी आली. चावडीत बसून दोन-तीन प्रकरणं उरकणार होते, त्यात एक माझं. घरच्या माणसाने हजर राहावं असा सांगावा होता. मामंजी आदल्या संध्याकाळी काही बोलले नाहीत. मला वाटलं, विरघळले. पहाटे जाग आली ती बैलांच्या घुंगरांनी. मामंजी आणि थोरले भावोजी गाडी जुंपून चाकणला निघाले होते. बाजाराला, म्हणाले. त्या दिवशी चाकणला बाजार नव्हता आणि गाडीत एक कांदाही नव्हता.

मी अंगणात उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग जात्यावर जाऊन बसले, कारण दळण तर होतंच. जाऊबाई समोर येऊन बसल्या. बराच वेळ जातं फिरत राहिलं. मग त्यांनी खुंटा धरून ठेवला.

"तुजं नाव काय म्हनं?" त्यांनी विचारलं.

मी खेकसले, "आता कशाला पाहिजे?"

"सांग की."

मी सांगितलं. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं आणि पुन्हा जातं फिरवायला लागल्या. मला वाटलं, उशिरा सुचलेली चौकशी आहे, असू दे.

आमच्याकडे बायका चावडीची पायरी चढत नसत. चावडीवरून जायचं तर पलीकडच्या कडेने, पायातल्या चपला हातात घेऊन. मी त्या दिवशी चपला घालून चढले. आत खुर्चीवर फौजदार, खाली सतरंजीवर पाटील आणि गावची दहा-बारा माणसं. बोलावणं आलं तेव्हा मी पुढे होऊन परमिट दाखवलं, ह्यांची पत्रं दाखवली. फौजदार तरुण होते, उर्मट नव्हते. त्यांनी पाटलांना विचारलं, "या बाईला ओळखता?"

"आमच्या भावकीतली सून हाय," पाटील म्हणाले.

"हिचं नाव हेच?"

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "ह्ये नाव मी काय ऐकल्यालं न्हाई. खोटं कसं लिवून दिऊ, सायेब?"

दहा-बारा माणसं होती तिथे. त्यातले निम्मे माझ्या लग्नात जेवले होते, साखर खाल्ली होती. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी छताकडे बघत होता, कुणी सतरंजीचा दोरा काढत होता. मी म्हटलं, "नाव आठवत नसेल, पण मी कोण ते तर माहीत आहे ना? तेवढं तरी सांगा." माझा आवाज चढला होता. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "बाई लई बोलती."

फौजदारांनी टाक खाली ठेवला. "घरचं कुणी आलंय का? नसेल तर मला हे असंच परत पाठवावं लागेल."

"आलीया," असा आवाज पायरीवरून आला.

जाऊबाई होत्या. हात पिठाचे तसेच होते, धुवायलाही थांबल्या नव्हत्या. पदर डोक्यावर होता, पण नाकावर नव्हता. त्या पायऱ्या चढून वर आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. फौजदारांनी विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाल्या, "हिची थोरली जाव."

"सासऱ्यांचं नाव?"

सगळी चावडी त्यांच्याकडे बघत होती. शिपायाने रस्त्यात विचारलं तेव्हा ज्यांनी मान हलवली, त्याच बाईला आता दहा-बारा पुरुषांसमोर विचारलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि मामंजींचं नाव घेतलं. नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव, सगळं. मग न विचारताच माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, शाळेतलंही आणि घरातलंही. मग माझ्या दंडाला धरून माझं नाव सांगितलं. म्हणाल्या, "हीच ती. त्या दिशी शिपायाला मीच न्हाई म्हनले. मानंनंच, पन म्हनले. चूक माजी हाय, ती हिच्या बोडक्यावर कशापाई?"

पाटील जागच्या जागी चुळबुळले. फौजदार भराभर लिहीत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "आता तुमचं नाव सांगा. जबाबाखाली अंगठा घ्यायचाय."

जाऊबाई थांबल्या. मघाशी सासऱ्याच्या नावाला थांबल्या होत्या त्याहून जास्त थांबल्या. मला वाटलं लाजताहेत. मग दिसलं, की त्या आठवताहेत. दोन पोरं झालेली, चौदा वर्षं त्या घरात वावरलेली बाई, स्वतःचं नाव आठवत होती. शेवटी त्यांनी एक नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

"हे सासरचं की माहेरचं?" फौजदारांनी विचारलं.

"म्हायेरचं आसंल," त्या म्हणाल्या. "सासरचं काय ठेवलं व्हतं त्ये न्हाई ध्यानात."

फौजदारांनी तेच लिहून घेतलं आणि शाईचा डबा पुढे केला. पिठाच्या अंगठ्याला शाई नीट लागेना, दोनदा लावावी लागली. अशा रीतीने, जिला स्वतःचं सासरचं नाव आठवत नव्हतं त्या बाईच्या अंगठ्यावर सरकारने मला खरी ठरवली. मला हसू यायला हवं होतं. पण चावडीच्या पायऱ्या उतरताना रागाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

मामंजींना चाकणहून परतायच्या आधी, वाटेतच कळलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मी जाणारी होते, माझ्यावर कशाला तोंड वाया घालवतील? पण त्या रात्री जाऊबाईंनी त्यांचं ताट मांडलं तर ते उठले नाहीत. थोरल्या नातीला हाक मारली, "पोरी, तू वाढ." त्यानंतर जाऊबाईंच्या हातचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही. भाकरी त्यांच्याच हातची, भाजी त्यांच्याच हातची, फक्त ताटात घालायची ती पोरीने. भावोजी बापाच्या शेजारी बसून मुकाट जेवायचे. मी एकदा भावोजींना तोंडावर म्हटलं, "तुमच्या बायकोने खून केला नाही." ते म्हणाले, "तू नगं पडू यात." दिवाळीतही हेच चाललं. जाऊबाई मात्र नेहमीसारख्या कामाला लागलेल्या असायच्या. मी विषय काढला की म्हणायच्या, "तू तुजी टरंक भर."

दिवाळीनंतर पासपोर्ट आला. पुण्याच्या दवाखान्यात देवी टोचून घेतल्या, त्याचा दाखला घेतला, बोटीचं डेकचं तिकीट काढलं. मुंबईच्या धक्क्यावर पुन्हा तेच. एक टेबल, एक साहेब, एक प्रश्न. "नवऱ्याचं नाव?" माझ्या पुढची बाई लाजून गप्प झाली, तर तो ओरडला की बोटीवर चढायचंय की नाही. माझी पाळी आली तेव्हा मी ह्यांचं नाव इतक्या मोठ्याने घेतलं की मागच्या हमालांनी वळून पाहिलं. त्या दिवसापर्यंत मी ते नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं.

मोंबासाला बोट लागली तेव्हा तिथले अंमलदार बोटीवर आले. वरच्या मजल्यावर गोरी माणसं होती, त्यातली कितीतरी नुसती समुद्रावर हवा खायला, मौजेखातर निघालेली. त्यांना चहा देत होते, आणि बोटीचा नोकर त्यांचे पासपोर्ट गठ्ठ्याने नेऊन शिक्के मारून आणत होता. त्यांना कुणी नाव विचारलं नाही. आम्ही डेकवरचे लोक उन्हात रांगेने उभे. बाह्या वर करा, देवीचा डाग दाखवा, परमिट दाखवा, डोळे दाखवा, जीभ दाखवा. पोराबाळांच्या बायका तीन-तीन तास उभ्या होत्या. खाली धक्क्यावर हे उभे होते, मला दिसत होते, हात हलवत होते. मी हात हलवला नाही. हातात कागद होते, आणि ते वाऱ्याने उडाले असते तर मी पुन्हा कुणीच नसते. अंमलदाराने परमिट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला. नाताळ तोंडावर आला होता.

तिथे बस्तान बसल्यावर मी घरी पत्र लिहिलं. मामंजींना नाही. जाऊबाईंना. पाकिटावर त्यांनी चावडीत सांगितलेलं नाव घातलं, पुढे भावोजींचं नाव आणि आडनाव, मुक्काम आकुर्डी. दोन-अडीच महिन्यांनी ते पाकीट परत आलं. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, "या नावाची बाई पत्त्यावर आढळली नाही."

हे म्हणाले, वडिलांच्या नावावर पाठव, लगेच मिळेल. मी म्हटलं, मुळीच नाही. त्या दिवशी आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी तेच नाव घालून पुन्हा पत्र पाठवलं. तेही परत आलं. तिसरं पाठवलं. हे माझ्या तिकिटांच्या खर्चाला हसायचे, पण तिसरं परत आलं नाही.

ते कसं पोचलं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आकुर्डीला गेले तेव्हा. जाऊबाईंनी अंगणात शेंगा फोडता फोडता सांगितलं. पोस्टमन निंबाखाली उभा राहून नाव वाचत होता आणि न्हाव्यापाशी बसलेले नेहमीचे लोक माना हलवत होते. जाऊबाई आडावरून हंडा घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मीच ती. आन हिकडं."

जाऊबाईंना वाचता येत नव्हतं. भावोजींना फोडू दिलं नाही त्यांनी पाकीट. तसंच घेऊन ओसरीवर गेल्या आणि मामंजींपुढे ठेवलं. चावडीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "आफ्रिकेचं हाय. वाचून दावा."

मुलाकडची खुशाली असणार म्हणून मामंजींनी चष्मा लावला. पत्राच्या पहिल्या ओळीत मी जाऊबाईंचं नाव लिहिलं होतं. मामंजी थांबले. जाऊबाई हलल्या नाहीत. मग त्यांना ते मोठ्याने वाचावंच लागलं.